लाईट नसलेला कॅमेरा

तो हँडीकॅम भंगार होता असं आजही कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं! विकत घेण्याआधी चालवून बघावा म्हणून मी तो दुकानातून मागून तिसगावला, मामेबहिणीच्या साखरपुड्याला नेला. मामांसमोर धरला तर म्हणाले, "ह्याला लाईट न्हाई, खांद्यावर बसत न्हाई. खेळनं हाय हे!" आणि चालू कॅमेऱ्यापुढेच शेजाऱ्याला म्हणाले, "व्याही लई चिकट हाय बघा."

जेवणं झाल्यावर व्याह्यांनीच हौसेनं तो टीव्हीला जोडायला लावला. चित्र स्वच्छ, आवाज त्याहून स्वच्छ: "व्याही लई चिकट हाय बघा."

मामा ताडकन उठले. "भंगार कॅमेरा! मानसाच्या तोंडी भलतंच घालतोय!"

आणि "व्हय, व्हय, कॅमेराच खराब हाय," असं सगळ्यात आधी कोण म्हणालं? व्याही!