भोंग्याच्या आधीचा गोल

माझं माहेर देवासचं, वडील शाळेत चपराशी, आणि लग्न होऊन मी इंदूरला मिलच्या चाळीत आली तेव्हा फुटबॉल कशाशी खातात ते मला ठाऊक नव्हतं, सही सांगते. सासरे खानदेशातून आलेले, त्यांना घरचे-दारचे सगळे दादा म्हणायचे, लूमवर त्यांची पूरी उमर गेली. त्या खडखडाटानं कान बसलेले, म्हणून त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे, आणि म्हणूनच आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात, तुम्ही मनावर घेऊ नका. आमचे हे थोरले, ते पण मिलमध्येच, पण बदली कामगार, मतलब कोणी गैरहजर असला तर काम, नाही तर परत घरी. आणि धाकटा बाळू, माझा दीर. त्याचंच ऐकायला आलात ना तुम्ही, मला माहीत आहे, माझं ऐकायला कोण येतंय. चहा घ्या आधी.

तर चाळीच्या मागंच मिलचं मैदान होतं. आम्ही बायका गच्चीवर पापड वाळत घालायला जायचो आणि पापड राहायचे बाजूला, खेळ बघत बसायचो. मल्हारगंजचे दुकानदार सुद्धा गल्ल्यावर पोराला बसवून यायचे, बाळ्या खेळतोय म्हटल्यावर. काय सांगू तुम्हाला, बॉल त्याच्या पायाशी आला की पायाचाच होऊन जायचा. आणि आमच्या मैदानाचा एक कायदा होता. पंचाकडे घड्याळ होतं, पण घड्याळाला कोण विचारतो, सांजेचा भोंगा झाला की सामना खलास. आणि बाळूला तो भोंगा आधी कळायचा. मी एकदा विचारलं, काय रे, स्वप्न पडतं का तुला, तर म्हणाला, वहिनी, भोंगा वाजायच्या आधी बॉयलरच्या छपरावर वाफेचा जरासा पांढरा फुगा निघतो, मी तो बघतो. मग तोवर बॉल दाबून ठेवायचा, इकडे फिरव, तिकडे फिरव, लोक ओरडताहेत मार भिया मार, भिया म्हणजे आमच्या इंदुरात भाऊ, आणि हा छपराकडे बघतोय. फुगा निघाला की मारायचा. गोल आणि भोंगा सोबतच. समोरच्यांना उलटून मारायला वेळच नाही. भोंग्याचा गोल म्हणायचे त्याला.

एकदा कलकत्त्याहून एक माणूस आला. मोठ्या क्लबाचा होता, इथं कोणा नातलगाकडे आलेला, त्यानं खेळ बघितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खाटेवर येऊन बसला. मी पोहे केले, वरून सेव टाकली, माणसानं पूरी प्लेट खाल्ली आणि म्हणाला, लडका हमको दे दीजिए, ऐसा पाँव हमने दस साल में नहीं देखा. दादांना मी कानात ओरडून सांगितलं. बाळू दारात उभा, बूट हातात, त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते.

आता बघा, मिलमध्ये एक रीत होती. बापानं मुदतीच्या आधी आपली जागा सोडली तर पोराला ती मिळायची, पक्की, परमनंट. आमचे हे त्याच जागेची वाट बघत होते, बदलीत झिजत होते, आणि कधी तोंडानं मागितलं नाही, त्यांचा स्वभावच नाही तो. दादा दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले आणि जागा सोडून आले. बाळूच्या नावावर. मला राग आला, आजही आहे, लपवून काय करू. मी विचारलं, दादा, थोरल्याचं काय? तर म्हणाले, थोरला कुठं चाललाय, जाणारा हा आहे, ह्याला बांधायला पाहिजे. आणि म्हणाले, गुडघा मोडला की खेळ संपला, मिल कधी मोडते का सूनबाई. चाळीत एकजण असा नव्हता की ज्याला हे चूक वाटलं. सगळे म्हणाले, काय बाप आहे, स्वतःचं पान पोराच्या पुढं सरकवलं. खजरान्याला जाऊन गणपतीला लाडू चढवले, चाळीत जलेबी वाटली. बाळू पाया पडला. मग गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्या कलकत्त्याच्या माणसाला तोच नाही म्हणून आला. आला आणि म्हणाला, वहिनी, चहा कर. बस. मला वाटलं होतं रडेल, भांडेल, त्यातलं काही नाही. भांडला असता तर बरं झालं असतं असं मी आमच्या ह्यांना म्हटलं, तर हे म्हणाले, तू गप बस.

तेव्हापासून तो प्यायला लागला. पण पायातलं गेलं नव्हतं हो, पिऊन आला तरी गोल मारायचा, आणि लोक अजून खुश, देखो, नशे में भी. मला ते आवडत नसे. आणि मिलचं पण काहीतरी बिनसत चाललं होतं. आधी तिसरी पाळी गेली. मग चिमणीचा धूर इतका पातळ झाला की दोरीवरचे कपडे काळे पडेनात. बायका खुश झाल्या की धुणं स्वच्छ निघतंय. मी मात्र ते पांढरे कपडे काढता काढता चिमणीकडे बघायची. दादांना कोण सांगणार, ते ओट्यावर बसून म्हणायचे, माझ्या लूमला तेल देतोस ना रे बाळ्या?

मग तो उज्जैनवाल्यांशी सामना झाला. बरोबरीत चालला होता. शेवटाला बॉल बाळूकडे आला, समोर कोणी नाही, गोलकीपर एकटा, आणि हा थांबला. छपराकडे बघायला लागला. मी गच्चीवरून बघत होती, छपरावर काहीच नाही, वाफ नाही, धूर नाही, नुसतं आकाश. मार भिया, मार. हा बॉलवर पाय ठेवून उभा. उन्हं उतरली तरी भोंगा होईना. अहो, बॉयलरला त्या दिवशी कोळसाच घातला नव्हता, आम्हाला कुठं माहीत. शेवटी त्यांच्या एका पोरानं येऊन त्याच्या पायाखालून बॉल काढून नेला आणि तिकडे गोल मारला. ह्याला कळलं पण नसेल. पंचानं घड्याळ बघून शिट्टी मारली. आमच्या मैदानावर पहिल्यांदा घड्याळावर सामना संपला. दुसऱ्या दिवशी मिलच्या गेटला कुलूप.

त्यानंतर इंदूरचं रूपच बदललं, बाजारात नवं नवं सामान, घरोघर केबल, आणि पानाच्या दुकानावर टीव्हीत विलायतेचे सामने. जुने मिलवाले तिथं उभे राहायचे, बाळू पण. तो टीव्हीतल्या खेळाडूला आधीच सांगायचा, डावीकडे दे, आणि तो डावीकडेच द्यायचा. लोक टाळ्या वाजवायचे. एकदा कोणी प्रेमानंच म्हणालं, भिया, तुम तो वहाँ होते. बाळूनं त्याला एवढा मारला की टाके पडले. हे आणि मी जाऊन हात जोडून आलो. त्या माणसानं तक्रार केली नाही, म्हणाला, मी पण गच्च्या-भिंतींवर चढून त्याला बघितलंय, जाने दो.

आणि दादांना आम्ही सांगितलंच नाही. ते तोवर खाटेला लागले होते, आणि जी जागा त्यांनी पोराला दिली तिला कुलूप लागलंय हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी रोज बाळूचा डबा भरायची. तो रोज दादांच्या समोरून डबा घेऊन निघायचा, रिकाम्या मैदानात जाऊन बसायचा, सांजेला परत. दादा विचारायचे, भोंगा झाला का रे? हा कानात ओरडायचा, झाला दादा, तुम्हाला ऐकू नाही येत. कित्येक वर्षं चाललं हे. हे इकडे लोडिंग रिक्षा चालवून घर ओढायचे आणि तोंडातून ब्र काढत नसत.

दादांच्या शेवटच्या दिवशी सकाळची वेळ होती. बाळू डबा घेऊन निघाला तर दादांनी त्याचा हात धरला. म्हणाले, खाली ठेव तो डबा. म्हणाले, लूमवरून येणाऱ्या माणसाच्या केसात कापूस असतो रे, तुझ्या केसात कधीचा नाही. मग म्हणाले, बाळ्या, मी तुला बांधलं. आता जा. कलकत्त्याला जा. चाळिशीला आलेला माणूस तो, गुडघा सुजलेला, आणि दादा त्याला असं सांगताहेत. सांजेच्या आत दादा गेले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठली तर बाळूची खाट रिकामी. बूट नाहीत. स्टेशनवर एका जुन्या मिलवाल्यानं त्याला बघितलं, विचारलं, किधर भिया? तर म्हणाला, दादांनी सांगितलंय. बापाचं पहिलं ऐकलं त्यानं, तसंच शेवटचं पण ऐकलं. हे दोनदा कलकत्त्याला जाऊन आले, एवढ्या शहरात कुठं शोधणार. मी तर म्हणते, तिथं पोचला तरी का, कोणास ठाऊक. रस्त्यात कुठं उतरला असेल, कुठं पडला असेल, नाही नाही ते मनात येतं.

आता आम्ही सुदामा नगरला मुलाकडे असतो. इथं भोंगा नाही की काही नाही. पण सांजेला मी दार लोटून ठेवते, कडी लावत नाही, सून रागावते, मम्मीजी, जमाना कैसा है. जमाना कसा आहे ते मला माहीत आहे बाई. तुम्ही लोक फिरता, चार गावं बघता. कुठं लंगडत चालणारा, वर छपरांकडे बघत थांबणारा माणूस दिसला तर त्याला सांगा, वहिनी रागावलेली नाही, घरी ये. आणि नाहीच दिसला, तर जिथं असेल तिथं देव त्याला सुखाचं ठेवो, दुसरं काय म्हणू मी. चहा गार झाला तुमचा, द्या, गरम करून आणते.