कमलाकांताला एटीकेटी

...नाही हो, याद्यांत पास-नापास करा असं मला कुणी सांगितलंच नव्हतं, तेच तर म्हणतोय! पण तुम्हाला सांगतो, एक्सवर मी चारशे बारा जणांना फॉलो करतो, आणि सकाळी फोन उघडला की युद्ध, क्रिकेट, कुणाचं तरी मांजर, निवडणूक, पुन्हा मांजर... डोकं भणभणायला लागलं! नात म्हणाली, "आजोबा, लिस्ट बनवा ना, सिंपल आहे." ऋग्वेदाला सगळंच सिंपल! पस्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, वर्गीकरणावर पीएच.डी. केली, मला याद्या जमणार नाहीत? बसलो. आठ दिवस! प्रथम वर्ग, द्वितीय वर्ग... आणि ज्यांना नापास करवत नाही, पण एकदोन विषय राहिलेत म्हणून धड पासही म्हणवत नाही, त्यांच्यासाठी 'एटीकेटी'. माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

आता त्यात कमलाकांत गेला. गिरगावातल्या शाळेपासूनचा माझा मित्र, रोज सकाळी आम्ही फाइव्ह गार्डनला चार फेऱ्या मारतो. पण हा वरळी कोळीवाड्यात मासे आणायला जातो आणि तिथून त्यांचे फोटो टाकतो, आणि फोटोत मासा कमी, स्वतःचा अंगठा जास्त! विनोदात पास, फोटोग्राफी आणि शुद्धलेखन, दोन्हींत गचकला. अर्धा तास विचार केला हो, ग्रेस मार्क देऊन पाहिले, तरी बसेना! माझं काय चुकलं?

सोमवारी कमलाकांत बागेत नाही. मंगळवारी नाही. आधी वाटलं गुडघा, मग वाटलं हार्ट... फोन केला तर उचलेना! बुधवारी आमच्या नलूनं चहा गाळता गाळता विचारलं, "अहो, तुम्ही कमलाकांतभावजींना नापास केलंत म्हणे?" म्हटलं, नापास नाही, एटीकेटी! पण त्याला कुणी सांगितलं? तर सोफ्यावरून ऋग्वेदा किंचाळली, "आजोबा! लिस्ट प्रायव्हेट नाही केलीत? ज्याला ॲड करता त्याला नोटिफिकेशन जातं!" प्रायव्हेट? निकाल कधी प्रायव्हेट असतो का? आम्ही तर फळ्यावर लावायचो!

तसाच उठलो, हिंदमाताजवळ त्याच्या घरी गेलो. साठ वर्षांची दोस्ती अंगठ्यापायी जाते की काय, असं म्हणत बेल दाबली. दार उघडून म्हणाला, "या, परीक्षक."

"कमल्या, आत्ता काढतो तुझं नाव."

"काढू नकोस. बी.एस्सी.ला मला खरीखुरी एटीकेटी लागली तेव्हा काय म्हणाला होतास? एकटा कशाला बसतोस, मी बसतो तुझ्याबरोबर. मग बस की आता!"

घातलं हो, घातलं माझंही नाव त्याच्या शेजारी. काय करणार? दुसऱ्या दिवशी स्वारी बागेत हजर!

पण यादी जगजाहीर ना! माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं यादीचा फोटो काढून लिहिलं, "सरांना एटीकेटी लागली!" तेराशे लाइक! ज्यांना ज्यांना मी लटकवलं होतं ते सगळे ती यादी फॉलो करताहेत, वर अभिनंदन करताहेत! मी वाद नाही घातला. मला स्वतःबद्दल आयुष्यभर जी शंका होती, तिचा निकाल लागला, एवढंच.

परवा तिसऱ्या फेरीत हळूच विचारलं, "कमल्या, आता काढू का रे माझं नाव?"

त्यानं चष्मा चढवला, माझं अख्खं खातं अंगठ्यानं वरखाली केलं, आणि म्हणाला, "इतक्यात नको. तुझे अजून दोन विषय राहिलेत."