वाकडं आलेलं पहिलं नाव

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगमहाराज, तुम्हीही बोटांना विसावा द्या. मला आज एक प्रश्न विचारायचाय — आणि उत्तर मिळाल्याशिवाय काल्याची हंडी फुटायची नाही, आधीच सांगून ठेवतो!

भक्तानं वीट फेकली. म्हणाला, 'देवा, मी आईबापाच्या सेवेत आहे, तू जरा यावर थांब.' देव थांबला. आता मला सांगा, त्याआधी देवाला विटेवर उभं राहायचा अनुभव होता का? हसू नका! होता का? अहो, शेषावर आडवं पडायची सवय त्याला! भक्तानं विचारलं का, 'याआधी कुठं उभा होतास? किती वर्षं? तिथला दाखला आण'? नाही विचारलं! वीट दिली — अन् तो जो थांबला, तो अजून हललेला नाही. मग मंडळी, ज्याला कुणी वीटच दिली नाही, त्याला उभं राहायचा अनुभव यायचा कुठून?

ऐका तर.

तालुक्याच्या गावी एक पोरगी शिकत होती. स्वप्नाली दुधाळ. वय एकोणीस, बी. कॉम.चं दुसरं वर्ष, दोन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहायची. बाप गावाकडं दुधाचा टेम्पो चालवायचा. एक दिवस टेम्पो उलटला, बापाचा पाय मोडला. बापानं फोन केला, 'पोरी, पंधरा दिवस बघ. काही काम मिळालं तर शीक. नाही मिळालं तर खोली सोड अन् घरी ये.' बाप वाईट नव्हता हो. फोन ठेवल्यावर तो भिंतीकडं तोंड करून रडला, हे तिला आईनं नंतर सांगितलं.

निघाली पोरगी काम शोधायला! मेडिकलमध्ये गेली — 'अनुभव?' साडीच्या दुकानात गेली — 'अनुभव?' झेरॉक्सवाल्याकडं गेली. तोही म्हणतो, 'अनुभव?' अरे बाबा, बटण दाबायचं, कागद बाहेर येतो, त्यात अनुभव कसला? पण विचारायची पद्धत पडलीय ना!

शेवटी ती भांडे गल्लीत आली. दुकानाचं नाव सांगत नाही, तुमच्यातले निम्मे तिथूनच भांडी घेतात. दारावर पाटी — 'नाव घालण्यासाठी माणूस पाहिजे. अनुभव आवश्यक.' आता नाव घालणं म्हणजे काय, हे आमच्या मायबहिणींना सांगायला नको! पोरीच्या लग्नात आपण भांडी देतो. पण कोरं भांडं कुणी देतं का? त्यावर कोरून घेतो, कुणाकडून कुणाला. भांड्याला पोचा पडेल, कल्हई जाईल, पण नाव जात नाही.

गल्ल्यावर विश्वनाथशेठ तांबट. डोळ्यांत मोतीबिंदू, जिभेवर मिरची.

'अनुभव?'

'नाही.'

'मग अनुभव घेऊन ये.'

पोरगी म्हणाली, 'कुठून आणू, काका? तुमच्या मागच्या फळीवर आहे का? असला तर दाखवा — स्टीलचा की पितळी?'

हाय का नाही! शेठ बघतच राहिले. म्हणाले, 'जीभ चालते. हात चालतो का?'

'मशीन द्या, दाखवते.'

'अन् भांडं बिघडलं म्हणजे?'

नाही दिलं. पण पोरगी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! तिसऱ्या दिवशीही हजर! सहा दिवस रोज सकाळी दारात. 'काका, आज?' — 'अनुभव?' — 'तुम्ही द्याल त्या दिवशी येईल.' शेठनं हाकलावं, हिनं उद्या यावं. नाक मुठीत धरून नाही बरं का, मान वर करून!

अन् पंधरावा दिवस उजाडला. पिशवी भरून पाठीला लावलेली. गावाची शेवटची एसटी पाचची. म्हटलं, जाताजाता एकदा विचारू. बघते तर काय — मशीनवर माणूस बसलेला! पोपटराव ढवण. शेजारच्या तालुक्यातून आलेले, पंचवीस वर्षांचा अनुभव. दोन शब्दांत काम मिळालं होतं त्यांना.

पोरगी दुकानाच्या पायरीवरच बसली. एसटीला अजून वेळ होता, अन् जायचं तरी कुठं?

तेवढ्यात एक बाई आली. सुगंधाबाई लोंढे. शाळेत खिचडी शिजवायची, हाताला पातेल्याचे चटके. उद्या तिच्या मेघाचं लग्न. एकवीस भांडी निवडली, अन् पोपटरावांसमोर उभी राहून म्हणाली, 'दादा, माझं नाव घाला. चिरंजीव मेघाला, आई सुगंधाकडून. माझं एकटीचं हां, दादा.' दाराकडं गेली, परत आली. 'आई सुगंधाकडून.' पायरी उतरता उतरता तिसऱ्यांदा सांगितलं. एरवी तिला तिच्या नावानं हाक मारतंय कोण? कागदावर लोंढे मॅडम, नाही तर शाळेत खिचडीवाल्या मावशी. ती तीनदा का सांगत होती, हे पायरीवर बसलेल्या पोरीला कळलं. पोपटरावांनी बाईनं दिलेली लग्नपत्रिका समोर ठेवली होती, तीत बापाचं नाव वाचलं, अन् घर्रर्र — मशीन सुरू!

'श्री. बाबूराव मारुती लोंढे यांजकडून.'

पोरगी उठली. 'काका, त्या मावशींनी त्यांचं स्वतःचं नाव सांगितलंय. तीनदा सांगितलंय.'

पोपटरावांनी चष्म्यावरून बघितलं. 'तू कोण गं? इथं कामाला आहेस?'

'नाही.'

'नाव घालायचा अनुभव?'

'नाही.'

'मग गप बस. बापाचंच नाव घालतात.'

शेठही गल्ल्यावरून म्हणाले, 'बस गं खाली.' अन् एकवीसच्या एकवीस भांड्यांवर बाबूराव उतरले!

दोन वाजता सुगंधाबाई बांगड्या घेऊन परत आली. पहिलं ताट उचललं. वाचलं. अन् मंडळी, त्या बाईच्या हातातून ताट निसटलं ते गल्लीभर वाजलं.

'ह्याचं नाव? मेघा चार महिन्यांची होती, तेव्हा हा घर सोडून गेला! अठरा वर्षं मी चुलीपुढं बसले. पोरगी तापली तेव्हा हा होता? शाळेत घातली तेव्हा होता? अन् माझ्या पोरीच्या ताटावर ह्याचं नाव?'

पोपटराव काय म्हणाले असतील? 'बाई, पंचवीस वर्षांत मी बाईचं एकटीचं नाव घातलेलं नाही. रीत नाही तशी.'

बघा! हा अनुभव! पंचवीस वर्षांत हात इतका तयार झाला, की कानाची गरजच उरली नाही!

शेठनं कपाळाला हात लावला. एकवीस नवी भांडी काढली. 'पोपटराव, बाई सांगते ते घाला.' पोपटराव उठले, टोपी झटकली. 'माझ्या हातानं नाही.' अन् निघून गेले. शेठच्या डोळ्यांना तर अक्षर दिसत नाही. उद्या लग्न, बाई रडतेय, मशीन रिकामं.

स्वप्नाली पायरीवरून आत आली. पिशवी काढली.

'काका, पोचा पडलेलं एक झाकण द्या.'

यावेळी शेठनं अनुभव विचारला नाही!

झाकणावर ती शिकली. पहिली रेघ सुटली, दुसरी थरथरली. टोक धरायचं कसं, दाबायचं किती, शेठ मागून सांगत होते — 'दाबू नको, फिरव. फिरव गं!' झाकण अक्षरांनी भरून गेलं. मग तिनं खरं ताट घेतलं अन् लिहिलं, 'चि. मेघाला, आई सुगंधाकडून.' 'सुगंधा'मधला 'सु' खाली घसरला. शेठ ताट डोळ्यांशी धरून म्हणाले, 'हे वाकडं आलं. बाजूला ठेव, दुसरं घे.'

सुगंधाबाईनं ताट हिसकावून घेतलं! 'राहू द्या. माझं नाव असं कोरलेलं मी पहिल्यांदा बघतेय. ह्या पोरीनंही पहिल्यांदाच काढलंय. पहिलं आहे, वाकडंच येणार. मला हेच पाहिजे.'

ती पदरानं ताट पुसत राहिली, अन् पोरीनं दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. दहाव्याला ओळ सरळ यायला लागली. पाच वाजले. गल्लीच्या टोकावरून एसटीचा हॉर्न ऐकू आला. तिनं मान वर केली नाही. चौदावं भांडं चाललं होतं!

एकविसावं झालं, तेव्हा शेठ म्हणाले, 'उद्या दहाला ये.'

'येते. पण काका, ती दारावरची पाटी?'

'काढतो ना. माणूस मिळालं आता.'

'तसं नाही. पुन्हा कधी लावाल, तेव्हा खालची ओळ लिहायची नाही.'

आजवर लिहिलेली नाही! दुकानात जाऊन बघा. तिथं पाटी नाही, पण अक्षरांनी भरलेलं ते पोचा पडलेलं झाकण खिळ्याला लटकतंय.

मंडळी, पोपटरावांना तुम्ही पोटभर हसलात. आता मला सांगा, या मंडपात पोपटराव किती बसलेत? पतसंस्थेचे चेअरमन पुढं बसलेत, डेअरीचे साहेब आहेत, मेडिकलवाले खांबाला टेकलेत. खाली बघू नका! तुमच्या दारात पोर येतं, तेव्हा पहिला शब्द कुठला निघतो तोंडातून? तुमच्या पहिल्या दिवशी तुम्हाला काय येत होतं हो? कुणीतरी तुमची वाकडी ओळ पोटात घातली, म्हणून आज सरळ लिहिताय!

अन् मी तरी कोण मोठा? सप्त्याच्या पहिल्या दिवशी एक पोरगी मला भेटली. शिंप्याची अनसूया, बारावीला आहे. म्हणाली, 'महाराज, दोन वर्षं घरी मृदंग शिकतेय. एका कीर्तनात वाजवू द्या.' या तोंडानं मी काय विचारलं माहीत आहे? 'याआधी कुठं वाजवलंयस?'

आज ते तोंड दाखवायची मलाच लाज वाटते.

अनसूया, ऊठ. पुढं ये. मृदंगमहाराज, मृदंग तिच्या मांडीवर द्या. पहिला ठेका वाकडा पडला तर पडू दे — मंडळी, तुम्ही टाळ सरळ धरा! आता मुखानं त्याचं नाव, ज्यानं अनुभव नसताना वीट सोडली नाही!

वाजव, पोरी!