सुलाबाईंचे उपास

मुलांनो, पाथरीच्या दवाखान्यात रेणुकेशेजारी बाकावर जरा सरकून बसा बरं. तिच्या एका बाजूला आजी सुलाबाई आहे, दुसऱ्या बाजूला एक अनोळखी बाई.

"मावशी, भिंत धरून आलात. चक्कर यायलीय का?"

"वरीस झालं बाई. थायरॉइड हाय. जमीन फिरायलीय वाटतं, छाती धडधडती. भ्यानं एकली अंगणात बी जाईना मी."

"मला बी हाय. गोळी घेता ना?"

"घेते की. उपास सोडून."

"उपास कवा असतो?"

"सोमवार, गुरुवार, शनिवार. चतुर्थी, एकादशी येगळी."

"अगं माय! मग घेता कवा?"

"सकाळीच तोंडात काई घातलं की उपास मोडतो ना."

"अवो, ती गोळी उपाशीपोटीच घ्यायची असती! मी उपासाला बी घेते, पाण्यासंगं."

"असं व्हय? रेणुके, डॉक्टरला ह्यातलं काई सांगायचं न्हाई हं."

"का गं आजी?"

"लय रागावतील. तेंना वाटतंय मी रोज घेते. गुण येईना म्हणून आज जास्तीची गोळी देणार हायेत."

"आन् ती बाधली म्हंजे, मावशी?"

"सुलाबाई, आत या!" डॉक्टरांच्या खोलीतून हाक आली.

रेणुकेनं आजीचा हात घट्ट धरला, तिला सावकाश खुर्चीत बसवलं आणि डॉक्टरांनी पेन उचलायच्या आत उपासाचे सगळे वार सांगून टाकले.