राग्नवाल्ड नोर्स्त्रम यांची आवराआवर

जबाब. दिनांक १६ नोव्हेंबर २०१९, सकाळी १०.४०.

नाव गुनवोर लिंडमार्क, वय ७६ वर्षे, धंदा सेवानिवृत्त (टपाल कचेरीत खिडकीवर), राहणार स्कोलगातान ११, दुसरा मजला, हेर्नेसांद, स्वीडन.

समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकतीस वर्षांपासून एकटी राहण्यास आहे. माझ्या समोरच्या दारात राग्नवाल्ड नोर्स्त्रम, वय ८१, हे राहत होते. ते पूर्वी शाळेत सुतारकाम शिकवत. त्यांची पत्नी इंगेयर्द दोन वर्षांपूर्वी कर्करोगाने वारली. मुलगी कायसा गोथेनबर्गला असते. मी त्यांना एकेरीत हाक मारत असे, तेव्हा पुढे तसंच लिहावं.

सकाळी अकराची कॉफी आम्ही एकत्र घेत असू. एक दिवस त्याच्याकडे, एक दिवस माझ्याकडे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात राग्नवाल्डने आवराआवर काढली. आपल्या पश्चात मुलांना पसारा उपसावा लागू नये म्हणून म्हाताऱ्या माणसाने जिवंतपणीच सामान वाटून टाकावं, ही आमच्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. मला तिचा अभिमान होता. माझा भाऊ हेनिंग ती न पाळता मेला. त्याच्या घरातून बेचाळीस घड्याळं, सतरा छत्र्या आणि गोठलेल्या माशांनी भरलेले दोन फ्रीझर निघाले. ते मी एकटीने सहा महिने उपसलं. मेला तो सुटला, मी अडकले. त्यामुळे राग्नवाल्डने आवरायला घेतलं तेव्हा मला फार बरं वाटलं. दुकानातून खोके मीच आणून दिले, एकूण तेवीस. चिठ्ठ्या बांधायला दोराही मीच दिला.

त्याने प्रत्येक वस्तूला, ती ज्याला द्यायची त्याच्या नावाची चिठ्ठी बांधली. इंगेयर्दचा कॉफीचा संच मला आला. रंधे आणि पटाशा शाळेला गेल्या, होडी तळमजल्यावरच्या कुटुंबाला. जिन्यात भेटेल त्याला मी सांगत असे, की शिकावं तर याच्याकडून. त्याच्या देखतही म्हटलं आहे. तो कधी हसला नाही, हे आत्ता सांगताना आठवतं.

विचारल्यावरून सांगते की, त्याच्या तब्येतीत फरक पडला होता. सप्टेंबरपासून त्याने चर्चच्या गायनाला जाणं सोडलं. आवाज गेला, म्हणाला. अंगावरचे कपडे सैल झाले. पहाटे तीनला जाग येते आणि मग छताकडे बघत पडून राहतो, असंही एकदा म्हणाला. मी म्हटलं, या वयात झोप लागते कुणाला, मीही तशीच. तरी मी त्याला आरोग्य केंद्रात पाठवलं. परत आल्यावर विचारलं तेव्हा आमचं बोलणं झालं ते असं :

"डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला. बाकी कसं काय, म्हणाल्या. मी म्हटलं, ठीक."

"आणि झोपेचं सांगितलंस का?"

"त्या बिचाऱ्या घाईत होत्या, गुनवोर. बाहेर माणसं खोळंबली होती."

मी पुढे विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये हे मला आईने शिकवलं आणि मी ते जन्मभर पाळलं. आमच्या जिन्यात सगळेच पाळतात.

ऑक्टोबरअखेर एकदा कॉफीची पाळी त्याची होती म्हणून मी गेले. घरात एक पलंग, एक टेबल आणि एकच खुर्ची उरली होती. किटलीसुद्धा देऊन टाकली होती. मी थट्टेने म्हटलं, अरे बाबा, पसारा आवरायचा असतो, संसार नव्हे. तो म्हणाला, "आता कुणाला काही त्रास होणार नाही." मी म्हटलं, "छान केलंस. कायसाने नशीब काढलं." हे माझेच शब्द आहेत, जसेच्या तसे घ्यावेत. त्यानंतर कॉफी रोज माझ्याकडेच होई. तो यायचा, कप रिकामा करायचा आणि जायचा.

गुरुवार दिनांक १४ रोजी सकाळी नऊच्या सुमारास त्याने माझं दार वाजवलं. त्या दिवशी नऊ ते बारा माझी धुण्याची पाळी होती. तळघरात सगळ्या इमारतीला मिळून एकच धुलाईची खोली आहे. अर्धा तास उशीर झाला तर पाळी दुसरा कुणीही घेतो. गेल्या महिन्यात खालच्या बाईने माझी अशीच घेतली होती, आणि मी तिच्या दाराला खरमरीत चिठ्ठी लावली होती. त्यामुळे मी कपड्यांची पिशवी हातात घेऊनच दार उघडलं. राग्नवाल्ड दाढी करून, चांगला कोट घालून उभा होता. त्याने आपल्या घराची किल्ली पुढे केली.

"ही तुझ्याकडे ठेव."

"कुठे निघालास?"

"जरा धक्क्याकडे. गुनवोर, दोन मिनिटं आत बसू का?"

"आत्ता माझी धुण्याची वेळ आहे रे. अकराला ये, कॉफी करते."

"बरं," तो म्हणाला. "तुझं धुणं राहायला नको."

मी किल्ली खिशात टाकली आणि खाली गेले. धुण्यात दोन चादरी आणि स्वयंपाकघराचे पडदे होते. ते पुढच्या आठवड्यात धुतले असते तरी चाललं असतं.

अकराला मी दोन कप मांडले. बाराला त्याची बेल वाजवली. किल्ली असूनही दार उघडलं नाही, कारण घर दुसऱ्याचं. सव्वा वाजता धक्क्याकडे गेले. तिथे तुमची गाडी उभी होती आणि त्याला पाण्यातून काढून धक्क्याच्या लाकडी फळ्यांवर ठेवलं होतं. चेहरा मीच ओळखला.

काल दुपारी कायसाचा फोन आला. ती रडत होती. म्हणाली, "गुनवोरमावशी, फळ्यांवर बर्फ होतं. बाबा घसरलेच असणार. पोलिसांना तसं सांगाल ना?" मी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फळ्यांवर बर्फ होतं हे खरं आहे. तो पडला तेव्हा मी तळघरात होते, मी काही पाहिलेलं नाही. कायसाला तेवढ्या एका शब्दाचा आधार हवा आहे, हे मला कळतं. मी तिला लहानपणापासून ओळखते आणि तिच्यासाठी माझा जीव तुटतो. पण तो घसरला असं मी म्हटलं तर तिच्याबरोबर माझीही सुटका होते, आणि ती मला नको आहे.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. त्यात शेवटी, मयताने आपल्या मनःस्थितीबद्दल कुणाला काही कळवलं नव्हतं, असं एक वाक्य होतं. ते मी खोडायला लावलं आहे. त्या जागी असं लिहावं, की त्याने तीन महिने कळवलं आणि मी त्याला शाबासकी दिली. ही दुरुस्ती धरून बाकीचा मजकूर मी सांगितला तसाच आहे.

सही/-
गुनवोर लिंडमार्क