बुटाखालचा बर्फ

वेंडेलिन : पुन्हा मोज, ग्रेगोर.

ग्रेगोर : तीनदा मोजला. चव्वेचाळीस मिलिमीटर. स्कीच्या बुटाचा तळ त्रेचाळीसच्या वर जाड नको, हे तुला मी सांगायला नको. तुझी लेक बाद.

वेरेना : पण काका, बूट तेच आहेत. सकाळी तुम्हीच तपासलेत.

ग्रेगोर : सकाळचं सकाळी गेलं. खरं माप शर्यत संपल्यावरचं. उंच बुटावर वळणात जास्त झुकता येतं, पोरी, म्हणून तर हा नियम.

वेंडेलिन : अरे, तळाला बर्फ चिकटलाय. शर्यतीच्या शेवटच्या रेषेपासून या तंबूपर्यंत ओल्या बर्फातून चालत आली ती. फडक्याने पूस नि मग मोज.

ग्रेगोर : पुसू म्हणतोस?

वेंडेलिन : पुसायलाच हवा.

ग्रेगोर : हे कधीपासून रे? एकोणीस वर्षांपूर्वी याच उताराखाली मोजमाप तुझ्याकडे होतं. तेव्हा काय म्हणाला होतास? 'बूट आला तसा मोजायचा.'

वेंडेलिन : पोरीसमोर जुनी मढी उकरू नकोस.

ग्रेगोर : पोरीसमोरच उकरायचीत. त्यासाठीच हे काम मागून घेतलं. तीन हिवाळे वाट बघितली, ही जिंकायची.

वेरेना : कोणाचा बूट होता तो?

ग्रेगोर : माझा. पहिला आलो होतो मी. टिरोलच्या संघाचे निवडकर्ते बाहेर उभे होते. अर्ध्या मिलिमीटरने बाद. तेव्हापासून डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या खुर्च्यांवर लोकांना बसवतोय. खाणावळीत श्नॅप्स ओततानाही म्हणतात, ग्रेगोरला मोजून द्या.

वेरेना : मग पहिला कोण ठरला?

(वेंडेलिन फडक्याकडे हात नेतो. ग्रेगोर ते आधीच उचलतो.)

ग्रेगोर : तुझा हुबर्टकाका. याचा सख्खा भाऊ.

वेंडेलिन : सूड घ्यायचाय ना? माझ्यावर घे. तिचा काय दोष?

ग्रेगोर : काही नाही. माझा तरी काय होता? आता तूच सांग. आला तसा मोजायचा असेल, तर कागदावर बाद लिहितो. पुसायचा असेल, तर का पुसायचा ते बोल. तिला ऐकू जाईल असं.

वेंडेलिन : पूस.

ग्रेगोर : का?

वेंडेलिन : बर्फ म्हणजे बूट नव्हे.

ग्रेगोर : आणि तेव्हा?

वेंडेलिन : तेव्हाही नव्हता. मला दिसला होता तो. मुद्दाम पुसला नाही मी. हुबर्टला कप हवा होता. झालं समाधान?

ग्रेगोर : पोटभर. हे बघ पोरी, पुसला. आता तूच वाच आकडा.

वेरेना : बेचाळीस पूर्णांक सात.

ग्रेगोर : नियमात आहे. पहिली तूच. जा, बाहेर तुझं नाव पुकारतायत.

वेंडेलिन : चल वेरेना, फोटोला उशीर होईल.

वेरेना : मी एकटी जाते, बाबा. तू घरी जा. चुलीवरच्या फळीवरचा हुबर्टकाकाचा तो कप उतरवून ठेव. लहानपणापासून दर रविवारी मी पुसत आलेय तो.

वेंडेलिन : घरी बोलू आपण.

वेरेना : बोलून झालंय तुझं. ग्रेगोरकाका, उद्या सकाळी लिफ्टवर असाल ना? मी कप घेऊन येते.

ग्रेगोर : ये. फक्त पुसू नकोस. आहे तसा आण.