रविवारचे रिकामे रकाने

आयर्लंडमधल्या ॲथलोनमध्ये कानांच्या दवाखान्यात माझ्यासमोर एक मराठी जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या दोन्ही कानांमागे श्रवणयंत्रं होती, मांडीवर वही आणि यंत्रांचा रिकामा डबा.

"वापरून बघायचा महिना संपला, प्रभा. आज यंत्रं परत करतो."

"का? ऐकू तर छान येतंय."

"पण कानात सतत वाजणारी शिट्टी थांबली नाही. यंत्रातून समुद्रासारखा आवाज चालू असतो, तरी त्याखालून ती येतेच."

"ऑडिओलॉजिस्ट म्हणाली होती, शिट्टी बुडवायची नाही. तिच्याकडे लक्ष जाणं कमी करायचं."

"माझ्याकडे आकडे आहेत. दर तासाला नोंद केलीय, दहापैकी किती. सगळीकडे सहा-सात."

"चंद्रहास, प्लांटमध्ये टाक्यांचं तापमान लिहितोस तसं शिट्टीचं लिहितोयस. पाहुण्याला दर तासाला चहा विचारलास तर तो उठेल कशाला?"

"मोजल्याशिवाय कळणार कसं?"

"बघू वही. हा रविवार रिकामा का? चार ते आठ काहीच नाही."

"आपला सलील आला होता ना डब्लिनहून. त्याच्याशी बोलत बसलो, लिहायचं राहून गेलं."

"आणि शिट्टी?"

"असणार की."

"असणार?"

"आता आठवत नाही."

आतून त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उठला.

"डबा घे. यंत्रं परत करायचीत ना?"

"डबा राहू दे तुझ्याकडे."

"आणि वही? आकडे दाखवायचे होते तिला."

"तीपण ठेव पर्समध्ये. घरी मागितली तर देऊ नकोस."